राग आवरत नाही म्हणे!

"काय करू, रागच आवरत नाही हो," असं हल्ली जो तो सांगतो. शुगर वाढली हे सांगावं, त्याच सुरात. म्हणजे दोष आपला नाही, दुखणंच तसं! मला हे पटत नाही.

आमच्या नवागामात राग बघायला लांब जावं लागत नाही. संध्याकाळी लूमच्या पाळ्या बदलतात, तेव्हा डिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहावं. बारा तास खटखटाटात उभी राहिलेली माणसं घरी निघालेली असतात, निम्मी तर आपल्या खानदेशातलीच. परवा दोन मोटारसायकली एकमेकींना नुसत्या घासल्या. "दिखता नहीं क्या?" झालं, आई-बहीण निघाली, कॉलर धरली गेली. तेवढ्यात मागून एक मोठी काळी गाडी आली. कडक पांढऱ्या कपड्यातल्या साहेबांनी एकदाच हॉर्न दिला. दोघेही मुकाट बाजूला! आता सांगा, राग आवरत नव्हता ना?

त्या दोघांच्या थकव्याची मला कीव येते. पण ज्यांना ऊन नाही, पाळी नाही, त्यांचं काय? २७ डिसेंबर १९८८ ला पतियाळात रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरून वाद झाला, त्यात पासष्ट वर्षांचा एक माणूस जिवानिशी गेला. मारणारे होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. आधी सर्वोच्च न्यायालयाने नुसता हजार रुपये दंड केला होता. मग मे २०२२ मध्ये फेरविचार करून एक वर्षाची कैद दिली. धडधाकट माणसाचा हातसुद्धा शस्त्र ठरू शकतो, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. तेहतीस वर्षांहून जास्त काळ गेला यात! आणि मुळात भांडण कशाचं, तर गाडी बाजूला घेण्याचं.

आपल्याकडे क्रोध हा चार कषायांतला पहिला. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग आणि दगडाची चीर, अशा त्याच्या चार पायऱ्या लहानपणी पाठ केल्या होत्या. पाण्यावरच्या रेघेची मुदत पंधरा दिवस, वाळूतलीची चार महिने, भेगेची वर्ष. म्हणून पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण. हिशेब किती चोख! पण त्यात क्रोधाच्या पाठीला पाठ लावून मान बसलेला आहे, हे मात्र मी विसरले होते. "मला असं बोलतो? मला?" यातला 'मला' काढा, निम्मा राग तिथेच विरतो.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगते. भर दुपारी पार्सलवाला मुलगा आला. तीन मजले चढून घामाघूम झालेला, वर ओटीपी मागतोय आणि माझा मोबाइल सापडेना. मी त्याच्यावर अशी ओरडले, की शेजारच्या बेन बाहेर आल्या. तो मान खाली घालून उभा. तेवढ्यात उशीखालचा मोबाइल वाजला. जळगावहून विहीणबाई! "जय जिनेंद्र ताई, कशा आहात?" माझा आवाज क्षणात साखरेसारखा. पोरगा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याचं ते बघणं मला चपराकीसारखं लागलं.

संवत्सरीला माझ्या मोबाइलवरून शंभरावर मिच्छामि दुक्कडं जातात. ज्यांच्याशी वर्षभर बोलणंच झालेलं नाही, भांडणं तर दूरच, अशांनाही जातात. घरी काम करणाऱ्या ताईंना आजवर एकदाही म्हटलेलं नाही. भाजीवालीला नाही. आमच्या ह्यांनाही हात जोडते, तो पाहुण्यांसमोर.

चार दिवसांनी पुन्हा पार्सल आलं. पाण्याचा तांब्या घेऊनच दार उघडलं, तर दुसराच मुलगा. आधीच्याचं विचारलं. म्हणाला, "वो तो छोड के गया, आंटी." मी ओटीपी सांगितला, पाणी दिलं. तो घटाघट प्यायला आणि जिना उतरला.