नावं घरातली, निरोप कचेरीतला: मराठी विकिपीडियावरच्या मदतीची भाषा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की विकिपीडियावर लेख कसा लिहावा याचं प्रात्यक्षिक होणार. तसं नाहीये. लेखांबद्दल मी फारसं बोलणारच नाही. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं, प्रत्येक सदस्याचं एक चर्चापान असतं. तिथे एक स्वयंसेवक दुसऱ्याला मदत करतो, निदान करायचा प्रयत्न करतो. ती मदत कोणत्या शब्दांत लिहिली जाते, हा आजचा विषय. मी त्या मजकुराला एक लेखनप्रकार मानतो. कथेचं किंवा अग्रलेखाचं आपण जसं परीक्षण करतो, तसंच त्याचं करायचं आहे.

आता, एवढ्याशा निरोपांचं परीक्षण कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आपल्याच कोशपरंपरेत सापडतं. केतकरांचा ज्ञानकोश घ्या, तेवीस खंडांचा. वाईचा मराठी विश्वकोश घ्या, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. या कामांना कचेरी होती. नोंद लिहिणारा कोण, तपासणारा कोण, शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि त्याच्याकडे यातलं काहीही नाही. कुणी कुणाला नेमलेलं नाही, मानधन नाही, समोरचा माणूस साठीचा आहे की सोळा वर्षांचा हेही माहीत नाही. टोपणनावामागे कोण आहे कळत नाही. खांद्यावर हात ठेवून ‘अहो, हे असं नका लिहू’ म्हणायची सोय नाही. एका माणसाला दुसऱ्याशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे लिहिलेलं वाक्य. ते वाक्य बिघडलं तर माणूस गेला. आणि जिथे प्रचालक बोटांवर मोजण्याइतके आहेत, तिथे एक माणूस जाणं परवडत नाही.

सुरुवात कौतुकानं करतो, कारण कौतुक करण्यासारखं खरंच आहे. मराठी विकिपीडियाच्या सुरुवातीच्या स्वयंसेवकांनी तिथल्या सोयींना जी नावं दिली, ती बघा. जिथे सगळ्यांनी जमून बोलायचं, ती चावडी. सराव करायचं पान, ती धूळपाटी. आपोआप कामं उरकणारा प्रोग्राम, म्हणजे ज्याला सगळे बॉट म्हणतात, तो सांगकाम्या. आपल्याला ज्या पानांवर लक्ष ठेवायचं आहे त्यांची यादी म्हणजे पहाऱ्याची सूची. मत मागायचं असेल तर कौल. परिभाषा समितीच्या बैठकीतून हे शब्द आले नसते. संगणकावरच्या गोष्टीला घरातलं नाव शोधून देणारा कान त्यामागे आहे.

यातला धूळपाटी हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजी विकिपीडियावर याच पानाला वाळूचं खेळायचं अंगण या अर्थाचा शब्द आहे. तिथे मूल एकटं खेळतं. धूळपाटीवर मूल अक्षर गिरवतं आणि शेजारी शिकवणारा बसलेला असतो. चुकलं तर हात फिरवला की पुसलं, पुन्हा काढायचं, त्यात लाज नाही. म्हणजे मराठी शब्दानं मूळ कल्पनेत एक माणूस जास्तीचा आणून बसवला. हा माणूस पुढे कुठे गेला, हाच माझा आजचा प्रश्न आहे म्हणा ना.

चावडीबद्दल मात्र मला जरा वेगळं वाटतं. आज आपण ‘चावडीवरच्या गप्पा’ म्हणतो, पण गप्पांची खरी जागा पार. चावडी ही गावकामगारांची जागा. तिथे पाटील बसायचा, वसुली व्हायची, ‘चावडीवर बोलावलंय’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. आणि गावातल्या सगळ्यांना तिथे सारखं बसता येत होतं असंही नाही. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे नसणार, त्यांना एकत्र जमण्याची जागा म्हणायची होती. पण शब्द आपला जुना मुक्काम सोडत नाहीत. मदतीच्या निरोपांची भाषा वाचायला लागलं, की ही जुनी चावडीच बोलते आहे असं वाटतं.

कशी, ते दाखवतो. उदाहरण मी रचलेलं आहे, कुणाचं खरं पान उचललेलं नाही. समजा, एका शिक्षिकेनं आपल्या गावच्या यात्रेवर चार परिच्छेद लिहिले. ‘आमच्या गावची यात्रा’ अशी सुरुवात, मग ग्रामदैवताचा महिमा, पालखीचा मार्ग, मानकरी कोण कोण, आणि शेवटी सर्व भाविकांना आग्रहाचं निमंत्रण. (हसू नका, पहिला लेख असाच असतो. माणूस ज्या गोष्टीवर प्रेम करतो तिच्याबद्दलच आधी लिहितो.) तासाभरात मजकूर गायब, आणि बाईंच्या चर्चापानावर निरोप: ‘आपण केलेले लेखन विश्वकोशीय संकेतांस अनुसरून नसल्याने वगळण्यात आले आहे. कृपया असे लेखन पुन्हा करू नये. अधिक माहितीसाठी धोरणे पाहावीत.’

यात शिवी नाही, उद्धटपणा नाही, शुद्धलेखनाची चूक नाही. पण वाचा नीट. ‘वगळण्यात आले आहे’. कुणी वगळलं? कर्ता नाही. तहसील कचेरीच्या दारावरची सूचना अशीच असते, तिथे कर्ता कधीच नसतो. ‘असे लेखन’ म्हणजे कसे? महिमा नको, की निमंत्रण नको, की यात्राच नको? ‘धोरणे पाहावीत’. कोणतं धोरण, कुठे? आणि ते ‘आपण’. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीच आहे, त्यात जवळीकही आहे. निरोपातलं ‘आपण’ मात्र टेबलाच्या पलीकडून येतं.

आता तेवढ्याच वेळात लिहिता येईल असा दुसरा निरोप: ‘नमस्कार. तुमचा यात्रेवरचा मजकूर मी तुमच्या धूळपाटीवर हलवला आहे, पुसलेला नाही. पालखीचा मार्ग आणि मानकऱ्यांची माहिती लेखात हवी अशी आहे. पण “आमच्या” हा शब्द आणि शेवटचं निमंत्रण काढावं लागेल. यात्रेची बातमी वर्तमानपत्रात आली असेल किंवा जिल्हा गॅझेटियरमध्ये उल्लेख असेल, तर तो संदर्भ द्या. जोडायला जमलं नाही तर इथेच विचारा, पहिला मी जोडून दाखवतो.’

इथे ‘मी’ आला. काय ठेवायचं, काय काढायचं हे कळलं. आणि बाईंना आज संध्याकाळी करता येईल असं एक काम मिळालं. पण सावध राहा, मी गोड बोलण्याची वकिली करत नाहीये. ‘छान लेख! लिहीत राहा!’ हा निरोपही मला तितकाच निरुपयोगी वाटतो, किंबहुना जास्त, कारण तो खोटा असू शकतो. दुसरा निरोपही बाईंची अडचण पुरती सोडवत नाही. यात्रेचा उल्लेख कुठेच छापलेला नसेल तर? आपल्याकडच्या गावांचं कितीतरी ज्ञान छापलेलंच नाही, आणि विकिपीडिया प्रसिद्ध झालेला आधार मागतो. लेखात ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसतो, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. तेव्हा शेवटी बाईंना नकारच मिळू शकतो. पण तो नकार त्यांना समजलेला असेल. न समजलेला नकार आणि समजलेला नकार यांत माणूस टिकण्या-न टिकण्याचं अंतर असतं.

हे माझं नुसतं मत नाही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत वाढली आणि मग उतरत गेली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यामागची कारणं शोधली. नंतर आलेले लोक वाईट होते असं दिसलं नाही. चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांची भर परतवली जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि ते काम यांत्रिक साधनांनी, ठरावीक निरोप चिकटवून होत होतं. उत्पात आवरायला बनवलेली हत्यारं पाहुण्यांवर चालली. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये तिथे टीहाऊस नावाची जागा सुरू झाली, जिथे नवख्यांच्या प्रश्नांना माणसं, आपल्या नावानिशी, साध्या भाषेत उत्तर देतात. तिथलं आमंत्रण मिळालेले नवखे टिकण्याचं प्रमाण जास्त निघालं.

कौतुकाचंही असंच आहे. २०१२ मध्येच रेस्टिव्हो आणि व्हान डे राइट या दोन संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वांत कष्टाळू एक टक्क्यातले काही संपादक निवडून, त्यांच्यापैकी काहींच्या पानावर बार्नस्टार ठेवले, म्हणजे एक चित्र आणि दोन शब्द शाबासकीचे. पैसा नाही, पद नाही. त्यांचं काम इतरांच्या तुलनेत साठ टक्क्यांनी जास्त भरलं. मला यातला आकडा रंजक वाटतो, पण त्याहून एक गोष्ट खटकते: हे कौतुक जे आधीच घरचे झालेत त्यांना मिळतं. दारात उभा असलेल्याला शिक्का मिळतो.

आता दुसरी बाजू. निरोप साच्यातून का दिले जातात? कारण देणारे दमलेले असतात. अलीकडील बदलांच्या यादीवर रोज बसून राहणाऱ्या माणसाला एकाच दिवसात कुणी लेख पुसून ठेवलेला, कुणी आपल्या दुकानाची जाहिरात टाकलेली, कुणी दुसऱ्या संकेतस्थळावरचं अख्खं पान प्रताधिकाराचा विचार न करता चिकटवलेलं, हे सगळं निस्तरायचं असतं. तोही नोकरी करून, रात्री, फुकट. त्याच्याकडून प्रत्येकाला हस्तलिखित पत्राची अपेक्षा करणं हा अन्यायच आहे. बऱ्याच विकिपीडियांवर स्वागताचा निरोपसुद्धा आपोआप जातो. म्हणजे पाहुणा आला, आणि ‘या, बसा’ म्हणायला सांगकाम्याला पाठवला. पण दमलेला माणूस साचा वापरतो म्हणून साचा वाईट मराठीत असायला पाहिजे असं कुठे आहे? साचा हाही विकिपीडियाचंच एक पान असतो, बहुतेक साचे कुणालाही सुधारता येतात. वर्षानुवर्षं शेकडो लोकांना जाणारं एक वाक्य नीट लिहायला एक दुपार लागते. लेखांतल्या ऱ्हस्व-दीर्घावर रात्र रात्र वाद घालणारे आपण, त्या वाक्याकडे कुणी बघत नाही.

चांगली मदत कशी दिसते, याचं एक उदाहरण खास मराठीतलं आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. ‘ॲ’चंही तसंच, कुणी तो अ वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत टाईप करतं, कुणी अखंड. परिणाम काय? लेख असतो, शोधल्यावर मिळत नाही, म्हणून नवखा दुसरा लेख सुरू करतो, आणि त्याला ‘हा लेख आधीच आहे’ म्हणून काढा असा शिक्का मिळतो. त्यानं काहीच चुकीचं केलेलं नसतं! इथे जाणत्यानं नुसता लेख उडवला तर ती सफाई झाली. त्यानं दोन्ही लेख एकत्र केले, जुन्या नावावरून पुनर्निर्देशन दिलं, आणि ‘तुमच्या कळफलकातून हे अक्षर असं येतं, म्हणून सापडलं नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं, तर ती मदत झाली. पुढच्या वेळी तो नवखा तिसऱ्याला हे सांगू शकतो.

जुन्या संपादकांच्या आपसातल्या मदतीचंही थोडं सांगतो, कारण तिथे नुकसान उशिरा कळतं. माहितीचौकटींचे साचे घ्या. गुंतागुंतीचे असतात, एखादाच जाणकार ते बांधतो. कुणी विचारलं की तो चटकन दुरुस्त करून देतो, ‘झालं’ असं लिहितो, आणि सगळे धन्यवाद म्हणतात. दहा वर्षं असं चालतं. मग त्याची बदली होते, मूल होतं, किंवा नुसता कंटाळा येतो, आणि तो यायचा थांबतो. साचा मोडतो तेव्हा इतिहासात शोधलं तर हाताला काय लागतं? दहा वर्षांचं ‘झालं’, ‘झालं’, ‘झालं’. काय झालं, कसं झालं, कुठेच नाही. प्रत्येक बदलासोबत सारांश लिहायची एक छोटी चौकट असते. ती सर्वांत जास्त रिकामी सोडली जाणारी जागा असावी. मला विचाराल तर विकिपीडियावरचं सगळ्यात दुर्लक्षित लेखन तेच, दहा-बारा शब्दांचं, आणि ते लिहिताना शेजारी धूळपाटीवरचा तो माणूस बसलेला असायला हवा होता.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. मागच्या रांगेत एक हात बराच वेळ वर आहे, तिथूनच प्रश्न घेऊ.