सुटा प्ल्यूश्किन

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मार्क शागालचे एक अम्लरेखन, म्हणजे एचिंग, माझ्यापुढे ठेवले. गोगोलच्या ‘डेड सोल्स’ या कादंबरीतला कंजूष जमीनदार प्ल्यूश्किन. “मर्यादित आवृत्तीतले आहे,” तो म्हणाला. कागदावर ना क्रमांक होता, ना सही. तरीही विक्रेता खोटे बोलत नव्हता.

1923 मध्ये पॅरिसला परतलेल्या शागालने प्रकाशक आंब्रवाज व्होलारसाठी 1842 च्या या कादंबरीवर काम सुरू केले. तांब्याच्या पत्र्यावरील लेपात सुईने रेघ ओढायची, आम्लाने ती खोलवर उतरवायची, शाई भरून ओलसर कागदावर दाबाने ठसा घ्यायचा. अशी पूर्ण पानाची 96 चित्रे 1927 पर्यंत तयार झाली. ग्रंथ मात्र रखडला. 1939 मध्ये व्होलार वारला आणि 1948 मध्ये तेरियादने 368 प्रती काढल्या. क्रमांक आणि सही पडली ती ग्रंथाच्या एका पानावर, प्रत्येक चित्रावर नव्हे. म्हणजे मर्यादा ग्रंथाची होती. बाजाराने ग्रंथ सोडवला आणि ती मर्यादा सुट्या पानांना चिकटवली.

यात बिघडले काय? चिचिकोव गावोगाव फिरून मेलेले, पण सरकारी यादीत अजून जिवंत असलेले भूदास विकत घेतो. मनिलोव, कोरोबोच्का, नोझद्र्योव, सोबाकेविच यांच्यानंतर तो प्ल्यूश्किनकडे पोहोचतो. कोठारात धान्य कुजते आहे आणि हा रस्त्यावरचे भंगार घरात साठवतो आहे. क्रमाने पाहिले तर हे चित्र म्हणजे त्या साऱ्या हव्यासाचा तळ. भिंतीवर एकटेच टांगले तर तो नुसता एक गमतीदार म्हातारा उरतो. 1927 मध्ये शागालने मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीला चित्रे भेट दिली, तीही सगळी 96.

अखंड ग्रंथ माझ्यासारख्याला परवडणारा नाही. त्यामुळे सुटे पान घेणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र त्याने ते कादंबरीतल्या कोणत्या प्रसंगाचे, आधी-नंतर काय येते, एवढे तरी चित्रामागे लिहून ठेवावे. मी ते पान घेतले नाही, कारण त्या दिवशी मी विक्रेत्याला फक्त क्रमांकच विचारला होता. प्रसंग विचारायचे सुचलेच नाही. कागदावरची नावे जमवणारा चिचिकोव मला त्यानंतर अधिक ओळखीचा वाटू लागला.