समासातले 'कमी होणे'

जी.आर.ई.च्या तयारीचे बॅरन्सचे एक जुने पुस्तक मला पुण्यात रद्दीच्या दुकानात मिळाले. त्यात सुमारे साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची अकारविल्हे यादी आहे आणि समासात कुणा मराठी विद्यार्थ्याने पेन्सिलीने टिपलेले अर्थ. ही परीक्षा मी कधी दिली नाही. माझे इंग्रजी कोश चाळून आलेले. त्यामुळे यादीपेक्षा समासच अधिक वाचला.

'अबेट'पुढे त्याने लिहिले आहे, 'कमी होणे'. 'सबसाइड', 'वेन', 'एब', 'ड्विंडल' यांच्यापुढेही तेच. पाठांतराला हे सोयीचे खरे. पण ज्याच्या भाषेत पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, राग निवळतो, विहीर आटते, त्याला पाचही ठिकाणी एकच क्रियापद सुचावे? मोल्सवर्थ-कँडींच्या १८४७च्या इंग्रजी-मराठी कोशात एकेका इंग्रजी क्रियापदापुढे मराठी क्रियापदांची रांग लागलेली असते. दीडशे वर्षांत ती रांग आपणच मोडली.

पूर्वी या परीक्षेत सुटा शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारत. तिथे असे टिपण चालून जाई. ऑगस्ट २०११पासून ते प्रश्न गेले. आता वाक्यातली एक जागा रिकामी असते आणि सहा शब्दांतून दोन असे निवडायचे असतात, की दोन्ही तिथे बसावेत आणि वाक्याचा अर्थ सारखाच राहावा. ताप 'अबेट' होतो, 'सबसाइड'ही होतो. 'ड्विंडल' होतो तो साठा, नाहीतर श्रोत्यांची संख्या. 'कमी होणे' पाठ केलेल्याला इथे तिन्ही सारखेच. 'उतरणे' आणि 'रोडावणे' यांतला फरक मनात जागा असलेल्याला मात्र निदान शंका तरी येईल. मराठी विसरून इंग्रजी पक्के होते, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

(याच यादीत 'जगरनॉट' आहे. पुरीच्या जगन्नाथाचा रथ इंग्रजीतून फिरून आपल्याच पोरांच्या पाठांतराला आला! समासात लिहिले आहे, 'मोठी शक्ती'.)

मला सर्वांत खटकले ते 'क्वालिफाइड'चे पान. तिथला समास कोरा आहे. ओळखीचा शब्द, पदवीधर या अर्थाचा, टिपायचे काय? पण यादीत तो 'मर्यादित, सशर्त' या अर्थाने आला आहे. 'क्वालिफाइड' स्तुती म्हणजे हातचे राखून केलेली स्तुती.

तेवढे 'हातचे राखून' मी शाईने तिथे लिहून ठेवले आहे. पुस्तक पुन्हा रद्दीत गेलेच, तर पुढच्याला दिसेल.