आत्मशोधाचीं पुस्तकें

पुस्तकांच्या दुकानांत अलीकडे एक नवें कपाट मांडलेलें दिसतें. पूर्वीं एका बाजूस धार्मिक ग्रंथ व पोथ्या असत, दुसऱ्या बाजूस आरोग्य व पाककृति यांवरील पुस्तकें असत. आतां या दोहोंच्या मधोमध तिसरा एक वर्ग येऊन बसला आहे. त्यांत योग आहे, पण तो मोक्षासाठीं नाहीं. आरोग्य आहे, पण तें रोगनिवारणापुरतें नाहीं. अध्यात्म आहे, पण त्यांत देव असेलच असें नाहीं. या सर्व पुस्तकांचा विषय मिळून एकच असतो आणि तो म्हणजे वाचकाचें स्वतःचें पालटणें. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ सालीं २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला व २०१५ पासून तो पाळला जाऊं लागला. परंतु हें कपाट त्याच्याहि आधीपासून भरत आलेलें आहे.

या वाङ्मयाविषयीं सुशिक्षित मंडळींत दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा सारा बाजार आहे; पतंजलीचें नांव घेऊन चटया विकण्याचा उद्योग आहे. दुसरा पक्ष म्हणतो, कोणत्या कां वाटेनें होईना, लोक योगाकडे वळत आहेत. तेव्हां नाक मुरडण्याचें कारण नाहीं. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. कारण दोहोंपैकीं कोणत्याहि पक्षानें हीं पुस्तकें पुस्तकें म्हणून वाचलेलीं दिसत नाहींत. माणसाचें पालटणें शब्दांत उतरविणें हें चांगल्या कादंबरीकारालाहि जड जाणारें काम आहे. तें या ग्रंथकारांना कितपत साधलें आहे, हा वाङ्मयीन प्रश्न आहे आणि त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

तथापि टीकाकारानें आपला पूर्वग्रह आधींच सांगून टाकावा हें बरें. आम्हीं पन्नाशी ओलांडली तेव्हां आमच्या पाठीनें असहकार पुकारला. तासभर उभें राहून शिकविणें कठीण होऊं लागलें. डॉक्टरांनीं आसनें करण्याचा सल्ला दिला आणि एका स्नेह्यानें वर वर्णिलेल्या कपाटांतील एक पुस्तक आणून दिलें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण त्याच्यासारखीं पुष्कळ आहेत. दिवसाचा पहिला तास सर्वस्वीं स्वतःचा असावा, त्या तासांत जगाला दाराबाहेर ठेवावें, असें त्यांत सांगितलें होतें. आम्हीं तें अक्षरशः पाळलें. पहाटे उठावें, खोलीचें दार लावून घ्यावें आणि तास संपेपर्यंत कोणालाहि ओ देऊं नये, असा नेम ठेवला. तीन महिन्यांत पाठ सुधारली, झोप सुधारली, आणि आपण पालटलों अशी आमची खात्री होऊन चुकली. कॉलेजांतील सहकाऱ्यांस आम्ही न मागतां उपदेशहि करूं लागलों.

अशांत एके दिवशीं सकाळीं आम्ही शवासनांत पडलों असतां दाराबाहेरून मुलीची हांक आली, "बाबा, आजीला उचलायला या." आम्हीं ती स्पष्ट ऐकली, आणि ही काय हांका मारण्याची वेळ झाली, असा विचार मनांत आणून श्वास मोजीत तसेच पडून राहिलों. आमची आई न्हाणीघरांत पाय घसरून पडली होती. दूध घेऊन परत आलेल्या आमच्या पत्नीनें व मुलीनें मिळून तिला उठविलें. हाड मोडलें नव्हतें, खरचटण्यावर निभावलें. परंतु पांच-सहा मिनिटें ती ओल्या फरशीवर होती आणि तेवढा वेळ तिचा मुलगा दहा पावलांवर शांति अनुभवीत होता. आईनें याविषयीं पुढें एक शब्दहि काढला नाहीं. काढला असता तर बरें झालें असतें.

त्यानंतर आम्हीं तें पुस्तक पुन्हां वाचलें. या खेपेस शिष्य म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून. 'तुम्ही' हा शब्द त्यांत पानोपानीं होता. पण त्या 'तुम्हीं'ना आईबाप, मूलबाळ, शेजारी, मोलकरीण असें कोणी नव्हतेंच. इतर माणसें आलीं होतीं तीं एका प्रकरणांत, मनाची शांति ढळविणारे लोक म्हणून, आणि तींहि त्यांना टाळावें कसें हें सांगण्यापुरतीं. आमच्या अपराधाचा दोष आम्ही पुस्तकावर लोटीत नाहीं. तो आमचाच आहे. परंतु त्या अपराधाला लागणारी सबब पुस्तकांत तयार होती, एवढें मात्र म्हटलेंच पाहिजे. तेव्हांपासून या जातीचें कोणतेंहि पुस्तक हातीं आलें कीं आम्ही पहिल्यानें एकच गोष्ट पाहतों. यांत दुसरें माणूस कोठें आहे?

ही कसोटी आम्हीं सोयीसाठीं काढलेली नाहीं. ती मूळ ग्रंथांतूनच निघते. पतंजलीचीं सूत्रें पाठभेदानुसार १९५ किंवा १९६ आहेत आणि त्यांपैकीं आसनाच्या वांट्याला अवघीं तीन आलीं आहेत. आजच्या योगवर्गांत जें सर्वस्व, तें तेथें तीन ओळींत आटोपतें. आठ अंगांच्या क्रमांत आसनाच्या आधीं यम आणि नियम येतात. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह हे यम म्हणजे दुसऱ्याशीं कसें वागावें याचेच निर्बंध आहेत. जगांत दुसरें कोणी नसेल तर चोरी न करण्याला अर्थ काय? चित्त प्रसन्न होण्याचा जो उपाय पतंजलि आरंभीं सांगतो तोहि असाच आहे. सुखी माणसाविषयीं मैत्री, दुःखी माणसाविषयीं करुणा, पुण्यवंताविषयीं आनंद व पाप्याविषयीं उपेक्षा बाळगावी, म्हणजे चित्त निवळतें, असें त्याचें सांगणें आहे. पतंजलीचें अंतिम साध्य कैवल्य, म्हणजे केवळ एकटें होणें, हेंच आहे हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्या एकटेपणाची वाट त्यानें माणसांतूनच काढली आहे. शिवाय तो प्रामाणिक आहे. चित्ताला विक्षेप करणारे नऊ अंतराय त्यानें मोजले आहेत, त्यांतले शेवटचे दोन असे कीं, इष्ट भूमिका हातीं न लागणें, आणि लागली तरी तेथें न टिकणें. अपयशाला शास्त्रांत असें मानाचें स्थान देणारा ग्रंथकार वाचकाला फसवीत नाहीं.

मराठी वाचकाला योग प्रथम भेटतो तो मात्र सूत्रांतून नव्हे, तर शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत. कुंडलिनी जागी होऊन साधकाचा जुना देह ग्रासून टाकते व त्या जागीं नवीच कांति उमटते, तें वर्णन ज्यानें एकदां वाचलें तो तें विसरणार नाहीं. देहाच्या पालटण्याचें इतकें धगधगीत चित्र मराठींत दुसरें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण गीतेचा तो अध्याय तेथें थांबत नाहीं. जो सर्वांचें सुख व दुःख आपल्याच सुखदुःखासारखें पाहतो तो योगी परम होय, असा निर्वाळा त्यांत पुढें येतो. लगेच अर्जुन कबूल करतो कीं हें मन वाऱ्यासारखें आहे, तें आवरणें आपल्याच्यानें होणार नाहीं. यावर भगवंत त्याला खोटा धीर देत नाहींत. काम अवघड खरेंच, असें म्हणून ते अभ्यास व वैराग्य हीं दोन साधनें सांगतात. नव्या पुस्तकांनीं या जोडींतील अभ्यास ठेवून घेतला आणि वैराग्य गाळलें, हा आमचा त्यांच्यावर मुख्य आक्षेप आहे. संसारी माणसाच्या बाबतींत वैराग्य म्हणजे घर सोडणें नव्हे. स्वतःचें कौतुक सोडणें एवढें जरी जमलें तरी पुष्कळ झालें. तें न सुटतां अभ्यास वाढला तर अभ्यासाबरोबर कौतुकहि वाढत जातें, याचा दाखला आम्हीं वर दिलाच आहे.

येथें कोणी म्हणेल कीं जुन्याची स्तुति व नव्याची निंदा हा प्राध्यापकांचा नेहमींचाच खेळ आहे. तसें नाहीं. विसाव्या शतकांत आमच्याच प्रांतांत अशीं कामें झालीं आहेत कीं त्यांना ही कसोटी सहज लावतां येईल. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. योगक्रियांचे शरीरावर काय परिणाम होतात हें क्ष-किरणांच्या व रक्तदाबाच्या मोजमापांनीं तपासण्याचा त्यांचा खटाटोप होता. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांत जी निर्वात स्थिति उत्पन्न होते तिला त्यांनीं आपलें नांव दिलें नाहीं. आपले गुरु माधवदास यांचें दिलें. बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले आणि २०१४ सालीं देह ठेवीपर्यंत तेथेंच राहिले. त्यांचें बालपण दुखण्यांत गेलें होतें. म्हणजे 'योगानें मी कसा पालटलों' हें सांगण्याचा अधिकार त्यांना इतर कोणाहूनहि अधिक होता. तरीहि १९६६ सालचें त्यांचें 'लाइट ऑन योग' उघडून पाहावें. आसनांच्या आधीं यमनियमांचें विवेचन येतें. मग सहाशें छायाचित्रें व त्यांच्या जोडीला कोरड्या, नेमक्या सूचना येतात. प्रत्येक आसनाला त्याच्या अवघडपणाचा आंकडा दिलेला असतो. आणि शेवटीं अभ्यासक्रम येतो तो ३०० आठवड्यांचा. तीनशें आठवडे म्हणजे जवळजवळ सहा वर्षें झालीं. एकवीस दिवसांत नवा माणूस करून देणाऱ्या पुस्तकांशेजारीं हा आंकडाच केवढा सत्यवादी वाटतो!

आतां नव्या वाङ्मयांतील एक नामांकित पुस्तक घेऊं. एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचें 'ईट, प्रे, लव्ह' २००६ सालीं निघालें. घटस्फोटानें खचलेली ही बाई एक वर्ष काढून इटली, भारत व इंडोनेशिया या तीन देशांत राहते. पहिल्यांत सुखोपभोग, दुसऱ्यांत साधना व तिसऱ्यांत दोहोंचा मेळ, अशी मांडणी आहे. जपमाळेच्या मण्यांप्रमाणें प्रकरणें १०८ आहेत. प्रवासाचा खर्च प्रकाशकाकडून आगाऊ मिळालेल्या रकमेंतून झाला, हें तिनें स्वतःच सांगितलें आहे. म्हणजे आत्मशोध लागण्यापूर्वींच त्याचा करार झाला होता! असल्या पुस्तकाची टर उडविणें सोपें आहे आणि आम्हीं ती उडविण्याच्या तयारीनेंच तें हातीं घेतलें होतें. स्वतःच्या मनाचे चोचले त्यांत पुष्कळ आहेत हेंहि खरें. परंतु मधल्या भागांत एक प्रसंग आहे. आश्रमांत पहाटे गुरुगीतेचा लांबलचक पाठ असे आणि तो तिला अगदीं सोसत नसे. सर्व युक्त्या थकल्यावर तिनें तो पाठ आपल्या लहान भाच्यासाठीं म्हणावयास घेतला, कारण त्या मुलाला रात्रीं झोप येत नसे. त्या दिवसापासून पाठाचा जाच संपला. आमच्या मतें सबंध पुस्तकांत लेखिका खरोखर पालटते ती याच ठिकाणीं. तेथें तिची भाषाहि विनोदाची धडपड सोडून सरळ होते. स्वतःसाठीं जें जमेना तें दुसऱ्यासाठीं जमलें, हा अनुभव पतंजलीला नवा वाटला नसता.

इतकें लिहून झाल्यावर हा लेख आम्हीं पत्नीस वाचून दाखविला. तिनें शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "सगळं खरं आहे. पण तुम्हांला लावायला दार तरी होतं. तुमचं दार बंद असायचं तेव्हां हांकेला ओ कोण देत होतं?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें पुस्तक आमच्या आधीं तिच्या हातीं पडतें, तर दिवसाचा पहिला तास स्वतःचा असावा या वाक्याचा अर्थ निराळा झाला असता. जिनें लग्न झाल्यापासून आजवर प्रत्येक हांकेला ओ दिली, तिला तासभर दार लावून बसावयास सांगणें हा स्वार्थाचा उपदेश होत नाहीं; तो न्याय होतो. गिल्बर्टचें पुस्तक इतक्या स्त्रियांनीं कां उचलून धरलें, याचें कांहीं कारण येथें असावें. म्हणजे आमच्या कसोटींतहि एक उणीव होती. पुस्तकांत दुसरें माणूस आहे कीं नाहीं, एवढें पाहून भागत नाहीं. वाचणारा कोण आहे, हेंहि पाहावें लागतें. एकच वाक्य एकाला सबब होतें व दुसऱ्याला आधार होतें. चांगल्या ग्रंथकाराला याची जाणीव असते. बाजारी ग्रंथकाराचा 'तुम्ही' मात्र सर्वांना सारखाच असतो, आणि म्हणूनच तो कोणाचाच नसतो.

तात्पर्य, या कपाटाकडे पाठ फिरवावी असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतलें पुस्तक अवश्य घ्यावें. मात्र त्यानें काय मिळेल म्हणून सांगितलें आहे हें वाचून झाल्यावर, काय सोडावें लागेल म्हणून सांगितलें आहे, हेंहि शोधावें. तें पान सांपडलें नाहीं तर तें पुस्तक व्यायामाचें समजून वापरावें. पाठीला त्याचा उपयोग होईलच.

आमचीं आसनें अजून चालू आहेत. सकाळचा पहिला तास आतां घरांत आमच्या पत्नीचा असतो आणि त्या वेळीं दार तिचें लागलेलें असतें. आमचा तास त्यानंतरचा. आमचें दार उघडें असतें, हांका येतात, मधूनमधून उठावें लागतें. त्यामुळें शवासन पूर्वींसारखें लागत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.