झोंबी बरा!

परवा चिंचवडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लागोपाठ दोन चित्रपट झाले: 'झपाटलेला' (१९९३) नि 'झोंबिवली' (२०२२). महेश कोठारेंच्या तात्या विंचूला भुवयांच्या मधोमध गोळी बसली नि शिट्ट्या झाल्या. बाहुलाच तो! आदित्य सरपोतदारांनी मात्र डोंबिवलीत रक्ताचे सडे घातले. तरी आम्ही हसतोच आहोत.

शेजारचे भाऊ तेवढे गप्प. चाकणला प्रेसवर असतात. दोन बोटं मशीनने नेलेली.

"भ्यालात की काय, भाऊ?"

"छे हो! झोंबी बरा. चावण्याआधी ओरडतो तरी. आमची प्रेस काही बोलली नाही."

पडद्यावरचं भूत हसवतं, ते आपल्या पाळीवर येत नाही म्हणून. चित्रपट दोन्ही झकास. टाळी मात्र मी दहाही बोटं मोजून वाजवली.