सीझरची कीर्ती आणि सीझरचे गद्य

ज्यूलियस सीझरचे नाव रोमच्या साम्राज्यापेक्षाही दीर्घायुषी ठरले. जर्मनांचा ‘कैसर’ व रशियनांचा ‘झार’ ही पदे त्यातूनच आली. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीसाठी घोषित झालेल्या ‘कैसर-इ-हिंद’ या किताबातही तेच नाव होते. आपल्याकडील वाचकाला मात्र सीझर भेटतो तो बहुधा शेक्सपिअरच्या नाटकात, आणि तेथे तो तिसऱ्या अंकाच्या आरंभीच मारला जातो. हा सेनानी एक असामान्य गद्यकारही होता, ही गोष्ट त्यामुळे सहसा दृष्टिआड राहते.

गॉलमधील युद्धांवरील त्याच्या वृत्तांताचे आठ भाग आहेत. त्यांपैकी सात त्याने स्वतः लिहिले. आठवा त्याचा सहकारी हिर्टिअस याने पुरा केला. लेखक स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘सीझर’ असा तृतीय पुरुषी करतो. अलंकारांचे वस्त्र उतरवून ठेवलेल्या या शैलीची सिसेरोने ‘ब्रूटस’ या ग्रंथात मनःपूर्वक प्रशंसा केली, आणि पुढील रसिकांनीही तीच री ओढली. परंतु निरलंकार शैली ती प्रामाणिक शैली, हे समीकरण येथे तपासून पाहिले पाहिजे.

इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन ओलांडून यादवी युद्धाला तोंड फोडले. त्याच्या यादवी युद्धाच्या वृत्तांतात त्या नदीचे नावही नाही. फासा टाकल्याचे ते सुप्रसिद्ध उद्गार आपल्याला स्युएटोनिअस व प्लुटार्क या उत्तरकालीन चरित्रकारांकडून मिळाले. ज्या क्षणाने तो दंतकथेत गेला, तोच क्षण त्याने मौनाने ओलांडला. कारण तेथे बेकायदेशीरपणाची कबुली द्यावी लागली असती.

याहून गंभीर प्रसंग इ. स. पू. ५५ मधला. ऱ्हाईन ओलांडून आलेल्या उसिपेती व तेंक्तेरी या जमातींच्या घोडदळाने तहाचा भंग केला, असे सीझर सांगतो. त्यानंतर बोलणी करण्यास आलेल्या त्यांच्या प्रमुखांना त्याने अडकवून ठेवले आणि नायकहीन छावणीवर हल्ला केला. पळणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्यामागे घोडदळ पाठविल्याचेही तो नोंदवतो. शत्रूंची संख्या तो ४,३०,००० देतो. ती अतिशयोक्त मानली, तरी वाक्याचा सूर किंचितही हलत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रोममध्ये कॅटोने सीझरलाच जर्मनांच्या स्वाधीन करावे अशी सूचना केली, असे प्लुटार्क सांगतो.

तृतीय पुरुष येथे विनयातून आलेला नाही. कर्ता, साक्षीदार आणि निवाडा देणारा हे तिघे एकाच नावात सामावले जातात, आणि कृतीमागचा हेतू परिस्थितीच्या अंगावर टाकला जातो. असिनिअस पोलिओला हे लेखन पुरेसे सत्यनिष्ठ वाटले नव्हते, ही स्युएटोनिअसने दिलेली माहिती यादृष्टीने मोलाची आहे.

तथापि सीझरला केवळ अपलापक ठरवणेही अन्यायाचे होईल. त्याने कारणे रंगविली, पण ती मुले व त्या स्त्रिया पानावरून पुसल्या नाहीत. त्याच्या संयत गद्याचा गौरव करताना त्यांच्यापाशी थांबणे, हे समीक्षकाचे कर्तव्य आहे.