मेंदूचा 'पेसमेकर' : एक अपुरी उपमा

पार्किन्सनच्या आजारावर, म्हणजे कंपवातावर, मेंदूत खोलवर विद्युत उद्दीपन देण्याचा उपचार केला जातो. त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. रुग्णाचा हात थरथरत असतो, यंत्र सुरू होते आणि हात स्थिर होतो. महाडच्या एका शाळेत व्याख्यान देताना आम्हीही तीच दाखवली आणि 'हा मेंदूचा पेसमेकर' असे सांगून मोकळे झालो. नंतर पोलादपूरहून आलेल्या एका शिक्षकांनी बाजूला घेऊन विचारले, "वडिलांचं हे ऑपरेशन झालं. हात थांबला, पण आता त्यांचं कशातच मन लागत नाही. आमचं काही चुकलं का?"

चूक त्यांची नव्हती. अपुरी होती ती आमची मांडणी.

पेसमेकरच्या उपमेत तथ्य आहे. छातीच्या कातडीखाली यंत्र, तेथून मेंदूत गेलेल्या तारा आणि सेकंदाला साधारण १३० स्पंदे. पण येथे साम्य संपते. ज्या सबथॅलॅमिक केंद्रकात ही तार बहुधा बसवतात, ते जेमतेम काही मिलिमीटरचे असते. हालचाल, विचार आणि भावना या तिन्हींच्या वाटा त्यातून शेजारी शेजारी जातात. वीज एका वाटेसाठी सोडली तरी शेजारच्या वाटेला तिची झळ लागू शकते.

१९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला पूर्वी कोणताही मानसिक आजार नव्हता. कंप कमी करणाऱ्या जागेच्या फक्त २ मिलिमीटर खाली उद्दीपन देताच ती काही सेकंदांत रडू लागली, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागली. वीज बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत ते दुःख ओसरले. आपल्याकडेही मुंबईतील परेश दोशी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अशा उद्दीपनानंतर आलेल्या गंभीर नैराश्याची नोंद प्रसिद्ध केली आहे.

कारण नेहमी विजेचेच असते असे नाही. शस्त्रक्रियेनंतर डोपामीनची औषधे बरीच कमी करतात. हे द्रव्य उत्साहाशीही निगडित असल्याने काही रुग्णांत उदासीनता येते. शिवाय बरे झाल्यावर आयुष्याची घडी पुन्हा बसवावी लागते. पॅरिसच्याच २००६ सालच्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी नोकरी करणाऱ्या १६ जणांपैकी ९ जणच कामावर परतले, जरी हालचाली सुधारल्या होत्या.

म्हणून हा उपचार वाईट ठरतो का? मुळीच नाही. नैराश्य हे या आजाराचेच एक लक्षण आहे; कधी ते कंपाच्याही आधी दिसते. उपचारानंतर अनेकांची चिंता कमी होते, मनःस्थिती सुधारते. बिघाड झालाच तर विजेची मात्रा किंवा जागा बदलून, औषधे पुन्हा जुळवून तो बहुधा आवरता येतो. मात्र त्यासाठी तो कोणीतरी ओळखून डॉक्टरांना सांगायला हवा.

खरी अडचण येथेच आहे. यंत्राची जुळणी एका भेटीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालते. घाटाखालच्या वाडीतून मुंबईला जाणे म्हणजे दिवस मोडणे. मुलगा चाकरमानी, घरी म्हातारी दोघेच. हात थरथरला तर शेजाऱ्यालाही दिसतो. माणूस गप्प झाला तर 'वय झालं' म्हणून सोडून देतात.

तेव्हा शिक्षक मित्रहो, ती चित्रफीत वर्गात जरूर दाखवा. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. हात स्थिर झाल्यावर ती थांबवा आणि मुलांना विचारा : आता या माणसाला कसे वाटत असेल? आणि ते कोणी विचारायचे?